इस्फहानचा अंबार

१९४२ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. इस्फहान शहरातल्या इराणी सैन्याचा सेनापती जनरल फजलुल्ला झाहेदी याच्या घरी एक ब्रिटिश ब्रिगेडियर भेटीला आला. भेट आधी ठरवलेली, शिष्टाचाराची. पण ब्रिगेडियर तोतया होता. फिट्झरॉय मॅक्लीन नावाच्या एकतीस वर्षांच्या स्कॉटिश कॅप्टनने वरिष्ठांच्या परवानगीने त्या कामापुरती ब्रिगेडियरची पदचिन्हं खांद्यावर लावली होती. सोबतच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली सीफोर्थ हायलँडर्स पलटणीचे जवान दडले होते. जनरल कडक गणवेशात दिवाणखान्यात आला तो समोर रोखलेलं पिस्तूल. काही मिनिटांत तो मोटारीत होता. शहर मागे पडलं, वाळवंटात विमान तयार होतं आणि त्या विमानाने त्याला पॅलेस्टाईनला नेलं. बंदुकीचा एक बारही उडाला नाही.

मागाहून झाहेदीच्या खोलीची झडती घेतली. जर्मन बनावटीची हत्यारं, रेशमी अंतर्वस्त्रं, थोडी अफू, शहरातल्या वेश्यांची सचित्र नोंदवही आणि कागदपत्रांचा गठ्ठा, एवढा ऐवज सापडला. मॅक्लीनने १९४९ साली ‘ईस्टर्न अप्रोचेस’ या पुस्तकात हा प्रसंग रंगवून सांगितला आणि तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धातल्या इराणचा विषय निघाला की लोक ही यादी सांगतात. त्याच प्रकरणात झाहेदीवरचा आणखी एक आरोप ओझरता येतो: देशातल्या अट्टल धान्य-साठेबाजांपैकी तो एक होता. वाचणारा तेवढं वाचून पिस्तुलाकडे वळतो. मला मात्र त्या धान्यापाशी थांबायचं आहे, कारण इस्फहानच्या माणसाला त्या वर्षी महायुद्ध भेटलं ते भट्टीपुढच्या रांगेत.

इराणी शहरात भाकरतुकडा घरी होत नसे. दिवसातून दोन-तीनदा गल्लीतल्या भट्टीवर जायचं आणि ताजा नान आणायचा. त्यातला संगक सगळ्यांच्या आवडीचा. संग म्हणजे दगड, संगक म्हणजे खडा. भट्टीच्या आत तापलेल्या बारीक गोट्यांचा उतार असतो. भटारी लांब फावड्यावर कोंड्यासकट गव्हाची सैल कणीक बोटांनी पसरतो आणि फावडं आत सरकवून ती गोट्यांवर अलगद सोडतो. बाहेर येतो तो हातभर लांब, खळगे पडलेला नान. पाठीला चारदोन गोटे चिकटलेले. गिऱ्हाईक ते गोटे तिथल्या तिथे झटकतं, कारण एखादा दाताखाली आला तर दात जायचा. नान धुतल्या कपड्यासारखा हातावर टाकायचा आणि घरी न्यायचा. गरिबाघरी त्याच्याबरोबर कांदा, चिमूटभर पनीर किंवा साखरेचा खडा दाताखाली धरून प्यायचा चहा, की जेवण झालं. म्हणजे नान हेच जेवण. आपल्याकडे घरात निदान पंधरा दिवसांचे जोंधळे असत, जातं असे. इस्फहानच्या कामकऱ्याच्या घरी तसं काहीच नव्हतं. सकाळी भटाऱ्याकडे पीठ आलं नाही तर दुपारी चूल पेटवून उपयोग नसे.

हे पीठ यायचं झायंदे-रूदच्या पाण्यावरून. झागरोसच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी इस्फहानला ओलांडून पुढे वाळवंटात, गावखूनीच्या दलदलीत संपते. तिच्यातून काढलेल्या पाटांना तिकडे मादी म्हणतात. पाणी कोणत्या गावाला किती दिवस, याचे हिस्से शतकांपासून ठरलेले. पिकाचे हिस्सेही ठरलेले. जमीन, पाणी, बियाणं, बैल आणि श्रम असे पाच घटक धरायचे. ज्याचा जो घटक, त्याचा तो वाटा. जमीन आणि पाणी जमीनदाराचं, बहुतेक वेळा बियाणंही त्याचंच. कुळाच्या वाट्याला उरे तो घामाचा भाग, आणि बैल स्वतःचे असले तर बैलांचा. ॲन लॅम्ब्टन ही इंग्रज विदुषी युद्धापूर्वी इस्फहानात राहून अभ्यास करत होती आणि युद्धकाळात तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीत होती. तिच्या १९५३ सालच्या इराणी जमीनदार आणि कुळांवरच्या ग्रंथात या वाटण्यांचे प्रांतोप्रांतीचे बारकावे आहेत. गोळाबेरीज एकच: खळं झालं की गहू गावातून उठायचा आणि जमीनदाराच्या अंबारात जाऊन पडायचा.

अंबार हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पन्हाळ्यावर अंबारखाना आहे तो याच फारसी शब्दाचा. दुकानदाराचा गल्लाही तिथलाच; फारसीत गल्ला म्हणजे धान्य, आणि आपल्या जुन्या कागदपत्रांतही तो त्याच अर्थाने भेटतो. मण हे मापही तिकडे आहे, फक्त तबरेजी मण तीन किलोच्या आतबाहेरचा. असे शंभर मण म्हणजे एक खरवार, एका गाढवाचं ओझं, सुमारे तीनशे किलो. इस्फहानात बड्या जमीनदाराची ऐपत खरवारांत मोजत. त्यांच्यातला सर्वांत मोठा अकबर मसूद, किताब सारेम-उद-दौला. तीस वर्षांहून जास्त इस्फहानवर हुकमत गाजवलेल्या जिल-उस-सुलतानचा हा मुलगा, म्हणजे काजार बादशहा नासिरुद्दीनचा नातू. १९१९ साली ब्रिटनशी बदनाम करार करणाऱ्या तिघा मंत्र्यांपैकी तो एक. राजवट गेली, घराणं गेलं, जमिनी राहिल्या.

या शहरावर युद्ध आलं ते लांबून. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि ब्रिटन व सोव्हिएत रशिया एका रात्रीत दोस्त झाले. रशियाला रसद पोचवायला इराणसारखी बारमाही वाट दुसरी नव्हती. आबादानचं तेल ब्रिटनला जपायचं होतं. इराणात जर्मन तंत्रज्ञ आहेत हे निमित्त पुरलं. २५ ऑगस्टला पहाटे उत्तरेकडून रशियन आणि दक्षिण-पश्चिमेकडून ब्रिटिश फौजा घुसल्या. ब्रिटिश म्हणायचं, पण त्यांतल्या मुख्य तुकड्या हिंदी सैन्याच्या होत्या. आठव्या हिंदी डिव्हिजनने खुजिस्तान घेतलं आणि दहाव्या हिंदी डिव्हिजनने विल्यम स्लिमच्या हाताखाली केरमानशाहची वाट धरली. चार दिवसांत इराणी प्रतिकार थांबला. १६ सप्टेंबरला रझाशहाने गादी सोडली आणि त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा मोहम्मद रझा तिच्यावर बसला.

उत्तर रशियाकडे, दक्षिण-पश्चिम ब्रिटिशांकडे आणि मधला पट्टा नावाला इराण सरकारकडे, अशी विभागणी झाली. इस्फहान त्या मधल्या पट्ट्यात, ब्रिटिशांच्या सावलीत. शहरात छावणी नव्हती. जवळची ब्रिटिश शिबंदी कूमला, पावणेतीनशे किलोमीटरवर. पण ब्रिटिश कॉन्सुलच्या शब्दाला वजन होतं. ठिकठिकाणचे कॉन्सुल तेहरानच्या वकिलातीला नियमित रोजनामे पाठवत. टोळ्यांच्या हालचाली, जर्मन हेरांच्या अफवा, गव्हर्नरांच्या बदल्या आणि त्यांच्या शेजारी गव्हाचा भाव. इस्फहानला तेव्हा जॉन गॉल्ट कॉन्सुल होता. १९४२पासून ब्रिटिशांनी प्रांतोप्रांती संपर्क अधिकारी नेमले आणि त्यांच्या कामात धान्य बाहेर काढायला मदत करणं हे मोठं काम होतं. परकी अधिकारी गावोगाव फिरून अंबार किती भरलेत याचा अदमास घेतोय आणि इराणी सरकारी माणूस त्याच्याबरोबर ओशाळलेला उभा आहे, हे दृश्य त्या दोन वर्षांत नेहमीचं झालं.

२९ जानेवारी १९४२ रोजी इराण, ब्रिटन आणि रशिया यांचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात दोस्तांनी कबूल केलं की युद्धामुळे इराणी जनतेवर येणाऱ्या हालअपेष्टांपासून तिचं आर्थिक जीवन वाचवायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करू. हे कलम लक्षात ठेवावं.

युद्धाआधी एका पौंडाला सुमारे ६८ रियाल पडत. ताबा घेतल्यावर तो दर १४० झाला, पुढे करारानंतर १२८वर स्थिरावला. दोस्त फौजांना इराणात मजूर हवे, ट्रक हवे, घरं, लाकूड, अन्न हवं. एका फटक्यात त्यांच्या पौंडाला दुप्पट रियाल मिळू लागले. हे रियाल यायचे कुठून? छापून. इराणी बँकेने नोटा छापायच्या आणि त्या बदल्यात परदेशात पौंडांची जमा दिसायची. पण त्या पौंडांनी युद्धकाळात विकत काय आणणार? जहाजांत जागा नव्हती. नोटा वाढत गेल्या, माल तेवढाच राहिला, आणि भाव वर चढले. १९४२च्या शरदात मजलिसने, म्हणजे इराणी संसदेने, आणखी नोटा छापायला खळखळ केली, तेव्हा नोटांचा प्रश्न आणि गव्हाचा प्रश्न एकमेकांत गुंतले. नोटा सुटल्याशिवाय दोस्तांकडून गहू सुटेना. उपाशी देशाशी केलेली ही घासाघीस मला त्या काळातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वाटते, झाहेदीच्या खोलीत जे काही सापडलं त्याहूनही.

आता जमीनदाराच्या जागी बसून पाहा. हातातली नोट दर महिन्याला झिजते आहे. अंबारातला गहू दर महिन्याला महाग होतो आहे. सरकार ठराविक दराने गहू मागतं आणि तो दर बाजारभावाच्या कितीतरी खाली. कोण विकेल? शिवाय आठवणी होत्या. पहिल्या महायुद्धातही इराण तटस्थ म्हणवत होता आणि तेव्हाही परक्या फौजा घुसल्या होत्या. मार्च १९१६मध्ये रशियनांनी इस्फहान घेतलं होतं. १९१७-१८च्या दुष्काळात इराणभर माणसं रस्त्यात मेली. १९४२मध्ये पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ते डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे खरवारांचे धनी तर साठा करतच होते, पण दोन पोती असलेला साधा दुकानदारही एक पोतं माळ्यावर टाकत होता. त्याला मी दोष देऊ शकत नाही. हजार खरवार दाबून बसलेल्याला मात्र देतो. भीती दोघांनाही होती, पण दुसऱ्याची भीती नफा देत होती.

रझाशहाच्या धाकाने सोळा वर्षं दबलेली माणसंही डोकं वर काढू लागली. ऑगस्टच्या पडझडीत इराणी सैनिक बंदुका टाकून घरी गेले आणि त्या बंदुका टोळ्यांच्या हाती आल्या. इस्फहानच्या पश्चिमेला बख्तियारी, दक्षिणेला कश्काई. सक्तीने वस्त्यांत बसवलेल्या या टोळ्या पुन्हा कळप घेऊन फिरू लागल्या. वाटा असुरक्षित झाल्या. सरकारी गहू गोळा करायला जेंदार्म, म्हणजे ग्रामीण पोलीस, पाठवायचा तर तोच कमी पगारावर, वाढत्या भावात, पोट भरायला हात पसरणारा.

आणि ट्रक. रझाशहाने चहा-साखरेवर कर बसवून बांधलेली आरपार इराणी रेल्वे, १,३९४ किलोमीटरची, आता रशियाची रसद वाहत होती. ती तशीही इस्फहानला शिवत नव्हती. कूम, अराक, अहवाज अशी बाजूने निघून जात होती. इस्फहानचा सगळा जीव मोटार-ट्रकांवर, खेचरांवर आणि उंटांवर. ट्रक दोस्तांच्या कामाला लागले. टायर मिळेनासे झाले. एका तालुक्यात गहू आहे आणि शंभर किलोमीटरवरच्या शहरात नाही, अशी अवस्था झाली. देशाच्या पातळीवरही तेच. अझरबैजान हे इराणचं धान्याचं कोठार, पण ते रशियन टापूत. तिथलं धान्य दक्षिणेला येणं जवळजवळ थांबलं.

त्यात १९४२चं पीक बेताचं आलं. इराणी पठारावर गहू शरदात पेरतात आणि उन्हाळ्यात कापतात. म्हणजे ऑक्टोबरपासून पुढचा जून-जुलै येईपर्यंत जे अंबारात आहे त्यावरच काढायचं. पहिली थंडी पडायच्या आत शहरांतल्या भट्ट्यांपुढे रांगा लागल्या. नानात जव मिसळले, मग बाजरीसारखी हलकी धान्यं, मग भुसा आणि माती. तेहरानमध्ये सरकारी धान्यगोदामाच्या पिठाचा काळपट, चिकट पाव मिळे. त्याला लोक ‘नान-ए-सिलो’ म्हणत. त्या पिढीतल्या इराणी माणसापुढे हा शब्द उच्चारला की तोंड कडू होई.

झाहेदीकडे परत येऊ. हा साधा शिपाईगडी नव्हता. १९२५ साली खुजिस्तानात मोहम्मरेचा बलाढ्य शेख खजअल याला त्याच्याच नौकेवर बेसावध गाठून अटक करणारा हाच झाहेदी. गोळी न झाडता माणूस उचलायची कला त्याला पुरती ठाऊक होती; सतरा वर्षांनी तीच त्याच्यावर वापरली गेली. १९४२मध्ये जर्मन फौजा कॉकेशसकडे सरकत होत्या. जर्मन इराणात उतरले तर टोळ्या आणि सैन्य एकदम उठवायचं, असा बेत जर्मन हेर फ्रान्झ मायरच्या मदतीने शिजत होता. ब्रिटिशांच्या फायलीत झाहेदीचं नाव त्यासाठी होतं, आणि धान्यासाठीही होतं. मला हे दोन वेगळे गुन्हे वाटत नाहीत. त्या हिवाळ्यात ज्याच्या हातात गहू, त्याच्या हातात बाजार. टोळीचा खानही गव्हासाठी त्याच्याकडे येणार, शिपायाचा शिधाही त्याच्याच मेहेरबानीवर. नोटा कुणी घेईना अशा दिवसांत बंड उभारायला गव्हासारखं चलन दुसरं नव्हतं.

ज्या सुमारास झाहेदी विमानात बसवला गेला, त्याच सुमारास तेहरान पेटलं. ४ डिसेंबरला इराण, ब्रिटन आणि अमेरिका यांचा अन्नधान्याचा करार झाला होता, पण कागदावरचा गहू भट्टीत जात नाही. ८ डिसेंबरला विद्यार्थी, बायका, कामकरी मजलिसवर चालून गेले. दुकानं लुटली गेली. पंतप्रधान कवाम यांच्या घराला आग लावली. गोळीबार झाला, माणसं मेली, लष्करी कायदा लागला आणि राजधानीतली वर्तमानपत्रं बंद झाली. कवाम यांचे राजकीय शत्रू या गर्दीमागे होते असं तेव्हाही बोललं गेलं. असतीलही. पण पोट भरलेल्या गर्दीला कुणी मजलिसपर्यंत नेऊ शकलं नसतं.

त्याच भुकेल्या वर्षात इस्फहानने पाहुणे घेतले. रशियाने १९४०-४१मध्ये सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेले पोल लोक पोलंड-रशिया करारानंतर सुटले आणि १९४२च्या मार्चपासून कॅस्पियनच्या काठी, तेव्हाच्या पहलवी बंदरात उतरू लागले. सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाच्या वर. उवा, टायफस, अतिसार. अंगावर चिंध्या आणि खिशात वाळलेल्या पावाचे तुकडे. ज्यांना आईबाप उरले नव्हते अशा मुलांसाठी इस्फहान निवडलं गेलं, कारण हवा चांगली. एप्रिल १९४२मध्ये पहिली तुकडी आली आणि पुढच्या तीन वर्षांत अडीच हजारांवर मुलं या शहरात राहून गेली. शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेल्या जुल्फा या आर्मेनियन वस्तीत, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या आवारांत, घरंदाज इराण्यांच्या वाड्यांत आणि बागांत त्यांच्या शाळा भरल्या. मुली गालिचे विणायला शिकल्या. अबुल-कासिम जला नावाच्या इस्फहानी छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढले: नीट भांग पाडलेले केस, स्वच्छ कॉलर, गालांवर परत आलेलं मांस. त्यांच्या खर्चाची तजवीज पोलिश आणि ब्रिटिश यंत्रणा करत होत्या. पण नान भाजणारा भटारी तोच, आणि रांगही त्याच गल्लीत. इराणच्या वाटेने आलेल्या पोल निर्वासितांपैकी काही हजार पुढे कराचीमार्गे आपल्याकडे आले आणि १९४३पासून १९४८पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे आज गांधीनगर आहे. त्या लोकांना इराण आठवतो तो पोटभर मिळालेल्या पहिल्या घासासाठी. इराण्यांना तेच वर्ष काळ्या पावासाठी आठवतं. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसू नये.

झाहेदीला उचलून अंबार उघडले का? माझ्या मते नाही. धाक बसला असेल, पण इस्फहानात दुसरे अंबारवाले होतेच, आणि त्यांतले कित्येक ब्रिटिशांशी जमवून घेणारे असल्यामुळे त्यांच्या दारात कुणी तोतया ब्रिगेडियर गेला नाही. गहू हलला तो इतर कारणांनी. १९४३च्या सुरुवातीपासून बाहेरून धान्य येऊ लागलं. रशियाने तेहरानसाठी २५ हजार टन गहू देऊ केला आणि त्याचा गाजावाजाही भरपूर केला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ आर्थर मिल्सपॉ जानेवारीत दाखल झाला. मे महिन्यात मजलिसने त्याला भाव, साठे आणि वाटप यांवर मोठे अधिकार दिले. मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेही याच मे महिन्यात. युद्धाच्या अर्थकारणाने एकाच ऋतूत दोन्ही किनाऱ्यांना कार्डावर आणलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे १९४३च्या उन्हाळ्यात पीक चांगलं आलं. नवा गहू खळ्यावर पडताच जुना दाबून ठेवण्यात राम उरला नाही. तोवर अशक्त झालेल्या माणसांत टायफस पसरून गेला होता.

दक्षिणेला मात्र शांतता नव्हती. जुलै १९४३मध्ये इस्फहानच्या दक्षिणेस सेमिरोमला कश्काई आणि बोयर-अहमदी टोळ्यांनी इराणी शिबंदी कापून काढली आणि सरकारला कश्काई खानांशी बोलणी करावी लागली. पण शहरातला झगडा आता दुसऱ्या अंबारापाशी आला होता.

इस्फहानात कापडगिरण्या होत्या. १९२५ साली काजेरूनी यांनी ‘वतन’ ही पहिली मोठी गिरणी काढली आणि रझाशहाच्या काळात ओळीने आणखी उभ्या राहिल्या. त्यावरून शहराला इराणचं मँचेस्टर म्हणत. युद्धात परदेशी कापड येणं थांबलं, लष्कराला घोंगड्या आणि गणवेश हवे होते, आणि गिरणीमालकांचे नफे कधी नव्हते इतके वाढले. रोजंदारी त्या वेगाने वाढली नाही. डाव्या तुदे पक्षाचा तरुण वकील तकी फदाकार याने कामगारांची संघटना बांधली, आठ तासांचा दिवस मिळवला आणि तो चौदाव्या मजलिसवर इस्फहानमधून निवडून गेला. मजुरीचा काही भाग कामगारांना धान्याच्या रूपात मिळत असे. नोटांच्या घसरणीत हाच भाग खरा पगार होता. त्यासाठी गिरण्यांनी आपली कोठारं ठेवली होती. मालक आणि जमीनदार हे बऱ्याचदा एकमेकांचे सोयरे किंवा भागीदार. म्हणजे खेड्यातल्या कुळाचा गहू ज्याच्या अंबारात, त्याच्याच गोतावळ्याच्या कोठारातून शहरातल्या विणकराला तो मोजून मिळायचा.

१९४४च्या वसंतात मालकांनी टाळेबंदी केली. गिरणीचं फाटक बंद झालं तसं धान्यही बंद झालं. कामगारांना हे कळायला वेळ लागला नाही की मालकाने काम थांबवलेलं नाही, जेवण थांबवलं आहे. त्यांनी गिरणीच्या कोठारात घुसून धान्य काढलं. मग मालक, जमीनदार आणि टोळ्यांचे खान एक झाले, बाहेरून हत्यारबंद माणसं आली आणि संघटनेला चेपायला सुरुवात झाली. तेहरानच्या आणि लंडनच्या दप्तरांत याची नोंद कम्युनिस्ट दंगा म्हणून झाली. मी ती भुकेची नोंद म्हणून वाचतो. दोन वर्षं ज्या शहराने अंबारांच्या बंद दारांसमोर रांगा लावल्या होत्या, त्या शहरात कुणीतरी एक दार अखेर ढकललं.

झाहेदी युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला आणि मग सन्मानाने परतला. १९४६मध्ये तो फार्समध्ये सैन्याचा प्रमुख होता. ऑगस्ट १९५३मध्ये पंतप्रधान मोसाद्दिकांचं सरकार उलथलं तेव्हा त्यांच्या जागी तोच बसला, आणि त्या उलथापालथीमागे अमेरिकेइतकाच ब्रिटनच्या गुप्तहेर खात्याचा हात होता. ज्याला साठेबाज आणि जर्मनांचा हस्तक म्हणून पिस्तूल रोखून उचललं, तो अकरा वर्षांनी त्यांचाच माणूस झाला होता.

सातव्या कलमाचं काय झालं, हे इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी. ज्यांनी रियालचा दर पाडला, ट्रक घेतले, उत्तरेचं धान्य अडवलं आणि नोटा छापल्याशिवाय गव्हाला हात लावू दिला नाही, त्यांनीच इराणी जनतेला हालअपेष्टांपासून वाचवायची हमी दिली होती. १९४२च्या हिवाळ्यात ती हमी मोडली. इस्फहानची भट्टी पुन्हा पेटली ती १९४३च्या जूनमध्ये, झायंदे-रूदच्या काठच्या कुळांनी पिकवलेल्या गव्हावर.